होऊ नाही दिला

बाबा कामठी रोडच्या बर्फ कारखान्यात लादी ओढायचे.
आकडा मारला की तीन मणांची लादी
भुशावरून अशी सरकत यायची
जसं तिला कुठं जायचंय ते आधीच ठाऊक.
घरी आले की अंगाला अमोनियाचा वास.
मे महिन्यात, कूलरच्या ताट्या वाळून कडकड वाजायच्या तेव्हा
अख्ख्या गल्लीत थंड असायचे फक्त त्यांचे हात.

मी स्वतः बर्फावर उभी राहिले एकविसाव्या वर्षी.
त्याआधी सिमेंट. रेशीमबागेकडचं शाळेचं मैदान,
निनावे सरांचे उसने स्केट्स,
दोन नंबर मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या.
सर म्हणाले, तू रुंद आहेस, मागे राहा.

डिफेन्सवाली उलटी धावते.
समोरची अंगावर येत असते, आणि तू
तिच्याकडे तोंड करून मागं मागं जातेस.
जाळी कुठे आहे ते पाठीला माहीत असावं लागतं.
चकतीकडे बघायचं नाही, चकती खोटं बोलते.
बघायचं छातीच्या खाली,
माणूस जिथून वळतो तिथे.

लेहच्या गोठलेल्या तळ्यावर निवड झाली, उणे सतरा.
मग अल्माटीत दोन हंगाम,
मग हंगेरीतल्या एका गावात पाच,
ज्याला आई अजून ‘ते हंगामवालं गाव’ म्हणते.
पगार म्हणजे खोली, दोन वेळचं जेवण,
आणि धाकट्याची पॉलिटेक्निकची फी भागेल इतकं.
सकाळी सराव, दुपारी बेकरीत ट्रे धुवायचे.
करारावर लिहिलं होतं, व्यावसायिक खेळाडू.

पहिल्या संध्याकाळी तिथल्या रिंकमागे
यंत्रखोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलेलं.
अमोनिया.
मी बूट हातात घेऊन तिथेच खाली बसले.
मशीनवाला म्हातारा घाबरला,
त्याला वाटलं, गळती होतेय,
म्हणून हिच्या डोळ्यांतून पाणी येतंय.
दंडाला धरून त्याने मला बाहेर काढलं.
त्याची भाषा मला येत नव्हती. बरंच झालं.

रविवारी फोन.
गोल केला का वं?
नाही माय, होऊ नाही दिला.
मग ती कुंपणावरून ओरडून सांगायची,
नाही केला म्हणते, पण होऊ नाही दिला म्हणते.
शेजारच्या शकुंतलाबाई:
मंग पैसे कायचे देऊन रायले इले?

सात हंगामांत गोल चार.
त्यातला एक माझ्याच पाठीला लागून गेला, मला कळलंही नाही.
अडवलेले फटके तिथे कागदावर चढत नसत.
ते मांडीवर चढायचे,
निळे, मग हिरवे, मग हळदीसारखे पिवळे.
शेवटी डावा गुडघा. आवाज आला तो काडी मोडल्याचा,
चकती मात्र कोपऱ्यात गेली. जाळीत नाही.

परतले तेव्हा स्टेशनबाहेर नगरसेवकांचं फ्लेक्स.
माझ्या चेहऱ्याखाली हिरवंगार गवत,
हातात दुसऱ्याच हॉकीची काठी.
नाव तेवढं बरोबर होतं, प्रणिता धकाते.

आता पहाटे पाचला त्याच सिमेंटवर अकरा पोरी.
सातनंतर जमीन चाकं धरून ठेवते.
काल उर्वी मेश्राम रडली,
साऱ्या जणी पुढं जातात, काहून मीच मागं?
मी सांगायला गेले पाठीचं, जाळीचं,
आणि तोंडातून निघालं, तू रुंद आहेस.
तिने नुसतं पाहिलं.
मग मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले,
गुडघ्याला पट्टा, हातात काठी,
म्हटलं, ये अंगावर.
ती आली नाही. स्केट्स काढून घरी गेली.

रात्री बाबा मासळीबाजारातून
गोणपाटात गुंडाळून लादीचा कोपरा आणतात,
गुडघ्यावर धरून बसतात, बोलत नाहीत.
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली.
त्यांचे हात आता गरम असतात.
किती वेळ धरू, विचारतात.
मी म्हणते, पाणी होईस्तोवर.
उद्या पाचला उर्वी येते का, बघू.